सोयाबीनमधून संप्रेरके मिळवणारे पर्सी ज्युलियन

दम्याचा झटका औषधांनी आवरेना, की डॉक्टर काही दिवसांसाठी स्टिरॉइडची गोळी लिहून देतात. अंगावर खाजरे पुरळ उठले, तर हायड्रोकॉर्टिसोनचे मलम मिळते. आधी गर्भपात झालेल्या काही स्त्रियांना गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉन देतात. ही औषधे आज कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मिळतात आणि त्यांच्या किमतीचा कोणी फारसा विचार करत नाही. पण साधारण नव्वद वर्षांपूर्वी प्रोजेस्टेरॉनचे काही मिलिग्रॅम मिळवायचे तर हजारो डुकरिणींची अंडाशये कत्तलखान्यातून गोळा करावी लागत. औषध सापडले होते, पण रुग्णापर्यंत पोचेल इतके ते बनतच नव्हते.

ही कोंडी फोडण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या रसायनशास्त्रज्ञाचे नाव पर्सी लॅव्हॉन ज्युलियन. ते आफ्रिकन-अमेरिकन होते. ज्या काळात अमेरिकेतले एकही नामवंत विद्यापीठ त्यांना प्राध्यापक म्हणून घ्यायला तयार नव्हते, त्या काळात त्यांनी रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत सोयाबीनच्या तेलापासून मानवी संप्रेरके तयार केली, तीही किलोंच्या हिशेबाने.

आठवीनंतर शाळा नाही

पर्सीचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा चौतीस वर्षे झाली होती, पण तिची आठवण घरातच होती. पर्सीच्या आजोबांच्या हाताला दोन बोटे कमी होती. गुलामीत असताना लिहायला-वाचायला शिकल्याची ती शिक्षा होती, असे त्या घरात सांगितले जाई. वडील रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून, आई शिक्षिका. सहा भावंडांत पर्सी थोरला. मुलांनी शिकायचेच, यावर आईवडिलांचा कटाक्ष होता.

अडचण अशी होती, की माँटगोमेरीत कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीच्या पुढे सरकारी माध्यमिक शाळाच नव्हती. पुढे शिकायचे तर शिक्षक तयार करणाऱ्या एका प्रशिक्षण शाळेत जायचे. तिथे विज्ञान जेमतेम शिकवले जाई. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर १९१६ मध्ये पर्सी इंडियाना राज्यातल्या ग्रीनकॅसल गावी, डेपॉ विद्यापीठात दाखल झाला. पहिल्या दिवसापासून तो बाकीच्यांच्या मागे होता. त्यामुळे दिवसा महाविद्यालयाचे वर्ग आणि त्याच्या जोडीला माध्यमिक शाळेचा राहून गेलेला अभ्यास, असे दुहेरी ओझे त्याने उचलले. वसतिगृहात त्याला जागा नव्हती. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका निवासात तो वाढप्याचे काम करायचा, भट्टीत कोळसा घालायचा आणि त्या बदल्यात तिथल्या माळ्यावर झोपायचा.

चार वर्षांनी, १९२० मध्ये, पदवी परीक्षेत तो वर्गात पहिला आला. दरम्यान आईवडील बाकीच्या मुलांना घेऊन ग्रीनकॅसललाच राहायला आले होते. सगळी भावंडे शिकली. दोघे भाऊ डॉक्टर झाले आणि तिन्ही बहिणींनी पदव्युत्तर पदव्या मिळवल्या.

पहिला आलेल्या विद्यार्थ्याला संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळावी, ही साधी अपेक्षा होती. वर्गातल्या इतरांना त्या मिळत गेल्या, ज्युलियन यांच्या वाट्याला काही आले नाही. पुढे नोकरी देणार कोण, असा प्रश्न विद्यापीठे विचारत होती. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात शिकवायला पदवी पुरेशी आहे, डॉक्टरेट कशाला हवी, असा त्यामागचा हिशेब होता. ज्युलियन फिस्क विद्यापीठात दोन वर्षे शिकवत राहिले. मग हार्वर्डची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९२३ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. पण तिथे पुढे शिकायचे तर विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम मिळणे गरजेचे होते. गोरे विद्यार्थी कृष्णवर्णीय शिक्षकाकडून शिकायला राजी होणार नाहीत, या भीतीने ते काम त्यांना दिले गेले नाही. डॉक्टरेट न घेताच त्यांना हार्वर्ड सोडावे लागले.

व्हिएन्नातली दोन वर्षे

यानंतर ज्युलियन वेस्ट व्हर्जिनियात आणि मग वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले. १९२९ मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून चालणाऱ्या एका मंडळाने त्यांना युरोपात शिकण्यासाठी पैसे दिले आणि ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना इथे पोचले. वनस्पतींतल्या अल्कलॉइड वर्गातल्या द्रव्यांचे तेव्हाचे मोठे जाणकार अर्न्स्ट श्पेट तिथे शिकवत. मॉर्फिन, क्विनाइन, निकोटिन ही सगळी अल्कलॉइडेच. अगदी थोड्या प्रमाणातही शरीरावर जोरदार परिणाम करणारी ही द्रव्ये असतात.

व्हिएन्नात ज्युलियन यांना प्रथमच मोकळा श्वास घेता आला. कुठे जेवायचे, कुठे राहायचे, कोणाच्या शेजारी बसायचे, यावर बंधन नव्हते. त्यांनी जर्मन भाषा आत्मसात केली, संगीताचा आस्वाद घेतला, जिवाभावाचे मित्र जोडले. १९३१ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली. पदवीपासून डॉक्टरेटपर्यंतचा प्रवास अकरा वर्षांचा झाला आणि त्यातली बरीच वर्षे केवळ संधीची वाट पाहण्यात गेली.

परत येताना त्यांच्यासोबत योझेफ पिकल हे व्हिएन्नातले सहकारीही अमेरिकेत आले. हॉवर्डमध्ये मात्र ज्युलियन फार टिकले नाहीत. विद्यापीठातल्या राजकारणात ते ओढले गेले, त्यांची खासगी पत्रे वर्तमानपत्रात छापली गेली आणि १९३२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जुन्या प्राध्यापकांनी, विल्यम ब्लँचर्ड यांनी, त्यांना डेपॉमध्ये बोलावून घेतले. पद साधे होते, पगार थोडा होता, पण प्रयोगशाळा होती.

एका विषारी बीची कथा

नायजेरियाच्या आग्नेय भागात कॅलाबार परिसरात एक वेल उगवतो. त्याच्या बिया जहाल विषारी असतात. गुन्ह्याचा संशय असलेल्याला या बियांचा अर्क पाजायचा आणि तो वाचला तर निर्दोष मानायचा, अशी तिथे प्रथा होती. युरोपातल्या संशोधकांनी १८६४ मध्ये या बीमधले विषारी द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव फायसोस्टिग्माइन. थोड्याच वर्षांत, १८७७ मध्ये, ते काचबिंदूवर वापरता येते असे दिसून आले.

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेजवळच्या बारीक जाळीतून त्याचा निचरा होत असतो. काही कारणाने निचरा अडला, की डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू निकामी होते. काचबिंदूमुळे येणारे अंधत्व ते हेच. फायसोस्टिग्माइनच्या थेंबांनी डोळ्यातले स्नायू आकुंचन पावतात, बाहुली लहान होते, जाळीची वाट मोकळी होते आणि दाब उतरतो. मज्जातंतूकडून स्नायूकडे संदेश नेणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन एरवी लगेच मोडले जाते. फायसोस्टिग्माइन ते मोडणाऱ्या विकराला रोखते, म्हणून हा परिणाम घडतो.

या द्रव्याची रचना १९२५ मध्ये उलगडली होती. पण प्रयोगशाळेत साध्या रसायनांपासून ते पूर्णपणे घडवणे कोणाला जमले नव्हते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन या कामात गढलेले होते. सेंद्रिय रसायनशास्त्रात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. पुढे १९४७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. फायसोस्टिग्माइनच्या अलीकडची पायरी असलेले एक द्रव्य आपण बनवले आहे, असे रॉबिन्सन यांच्या गटाने जाहीर केले होते. ज्युलियन आणि पिकल यांनीही आपल्या मार्गाने तेच द्रव्य बनवले. पण दोघांच्या द्रव्यांचे गुणधर्म जुळेनात.

म्हणजे दोघांपैकी एक जण चुकला होता. एका छोट्या महाविद्यालयातल्या, पक्की नोकरीही नसलेल्या कृष्णवर्णीय संशोधकाने ऑक्सफर्डच्या रॉबिन्सन यांना चूक म्हणायचे, तर त्यासाठी धाडस लागत होते. ज्युलियन यांनी स्वतःचे काम पुन्हा तपासले आणि रॉबिन्सन यांचे द्रव्य ते नव्हेच, असे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात स्पष्ट लिहिले. ज्युलियन चुकले असते, तर त्यांची कारकीर्द तिथेच संपली असती.

निकाल लागायचा होता तो द्रवणांकावर. शुद्ध पदार्थ ठरावीक तापमानालाच वितळतो. दोन नमुन्यांचे द्रवणांक वेगळे आले, तर ते दोन वेगळे पदार्थ असतात. कॅलाबारच्या बीपासून मिळवलेल्या नैसर्गिक द्रव्याशी ज्युलियन यांच्या द्रव्याची तुलना केली गेली. आकडे जुळले. १९३५ मध्ये फायसोस्टिग्माइनचे संश्लेषण पूर्ण झाले आणि ज्युलियन यांचे नाव युरोप-अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांना माहीत झाले.

काचबिंदूवर आता याहून चांगली औषधे आली आहेत. तरी फायसोस्टिग्माइन विस्मरणात गेलेले नाही. धोत्र्यात असलेल्या ॲट्रोपिनसारख्या द्रव्यांची विषबाधा झाल्यास उतारा म्हणून त्याचा उपयोग होतो. शस्त्रक्रियेनंतर स्नायूंची शिथिलता घालवण्यासाठी भूलतज्ज्ञ जे निओस्टिग्माइन वापरतात, तेही याच द्रव्याच्या धर्तीवर बनवलेले औषध आहे.

विद्यापीठाने नाकारले, कारखान्याने घेतले

इतके होऊनही डेपॉने त्यांना प्राध्यापकपद दिले नाही. आता त्यांना संसारही उभा करायचा होता. १९३५ च्या डिसेंबरमध्ये ॲना रोझेल जॉन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि पुढे त्यांनीही डॉक्टरेट मिळवली. ज्युलियन उद्योगांत नोकरी शोधू लागले. ड्यूपॉन्ट कंपनीने पिकल यांना घेतले, ज्युलियन यांना घेतले नाही. विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावात कागद रसायनांची एक संशोधन संस्था त्यांना घ्यायला उत्सुक होती. पण कृष्णवर्णीय माणसाने त्या गावात रात्री मुक्काम करायचा नाही, असा तिथला शिरस्ता होता. ते कामही हातचे गेले.

शेवटी ग्लिडन या कंपनीने त्यांना बोलावले. ग्लिडन मूळची रंग आणि व्हार्निश बनवणारी. कंपनीचे उपाध्यक्ष डब्ल्यू. जे. ओब्रायन यांना शिकागोतल्या सोयाबीन विभागासाठी चांगला रसायनशास्त्रज्ञ हवा होता. सोयाबीनमधून द्रावकाच्या साहाय्याने तेल काढणारी यंत्रसामग्री जर्मनीहून आणलेली होती, त्यामुळे ज्युलियन यांचे जर्मनही कामाला येणार होते. १९३६ मध्ये ते त्या विभागाचे संशोधन संचालक झाले. अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या कंपनीत कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाने एवढ्या वरच्या जागी बसणे ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती.

सोयाबीन आपल्याकडे मराठवाडा आणि विदर्भाच्या शेतकऱ्यांचे मोठे पीक आहे. त्याचे तेल स्वयंपाकघरात जाते आणि पेंड जनावरांना. ज्युलियन यांनी त्याच पेंडीतून आणि तेलातून काय काय निघू शकते, याचा पिच्छा पुरवला. पहिले यश प्रथिनात मिळाले. कागदाला गुळगुळीतपणा यावा म्हणून त्यावर दुधातल्या केसीनचा थर देत. ते महाग पडे. सोयाबीनमधून शुद्ध प्रथिन मोठ्या प्रमाणावर वेगळे काढण्याची पद्धत ज्युलियन यांच्या गटाने बसवली आणि केसीनला स्वस्त पर्याय मिळाला. तोट्यातला विभाग नफ्यात आला. याच प्रथिनापासून दुसऱ्या एका कंपनीने आग विझवणारा फेस तयार केला. पेटलेल्या तेलावर पाणी ओतले तर तेल पाण्यावर तरंगून आग आणखी पसरते; फेसाचा थर मात्र तेलावर पसरून हवा तोडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर तेलाच्या आगी विझवण्यासाठी हा फेस वापरला गेला आणि त्याने अनेकांचे प्राण वाचवले.

टाकीत शिरलेले पाणी

कॅलाबारच्या बीवर काम करताना ज्युलियन यांना तिच्या तेलातून निघणारे स्टिग्मास्टेरॉल हे द्रव्य भेटले होते. ते त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते. कारण त्याची रचना.

कोलेस्टेरॉल, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसोन या साऱ्यांचा सांगाडा एकच असतो. कार्बन अणूंची चार वलये एकमेकांना चिकटलेली. तीन सहा अणूंची आणि एक पाच अणूंची. कडेला कोणते अणू कुठे लटकले आहेत, यावरून त्या द्रव्याचे काम ठरते. हा चार वलयांचा सांगाडा सुरुवातीपासून बांधत बसणे अतिशय कठीण आणि खर्चिक. पण वनस्पतींनी तो आधीच बांधून ठेवलेला असतो. स्टिग्मास्टेरॉलची एक बाजू छाटली आणि दोन-चार ठिकाणी फेरफार केले, की प्रोजेस्टेरॉन मिळू शकते, हे जर्मन संशोधकांनी दाखवले होते. प्रश्न होता तो पुरेसे स्टिग्मास्टेरॉल आणायचे कुठून. ते सोयाबीनच्या तेलात असते, पण थोडे आणि तेलात इतके मिसळलेले, की वेगळे काढणे जिकिरीचे.

१९४० च्या सुमारास एके दिवशी कारखान्यातून निरोप आला, की सोयाबीन तेलाच्या एका प्रचंड टाकीत पाणी शिरले आहे आणि तेल खराब झाले आहे. ज्युलियन यांनी जाऊन पाहिले तर तळाशी पांढरा गाळ जमला होता. दुसऱ्या कोणी तो फेकून दिला असता. ज्युलियन यांनी ओळखले, की ज्या स्टेरॉलांच्या मागे आपण आहोत, ती पाण्यामुळे तेलातून आपोआप बाहेर पडली आहेत. या अपघातातून कारखान्यात वापरता येईल अशी पद्धत त्यांनी उभी केली. योगायोग होताच, पण हा गाळ कशाचा आहे हे समजायला कॅलाबारच्या बीवर घालवलेली वर्षे लागली होती.

त्याच वर्षी ग्लिडनमधून सोयाबीनपासून बनवलेले प्रोजेस्टेरॉन बाहेर पडले. ज्या संप्रेरकाचे मोजमाप मिलिग्रॅममध्ये होत असे, ते आता पौंडांत तोलले जाऊ लागले. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांवर आणि पाळीच्या तक्रारींवर डॉक्टरांना ते वापरून पाहता येऊ लागले. पाठोपाठ टेस्टोस्टेरॉनही आले.

कॉर्टिसोनबाबत नेमके काय घडले

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जवळजवळ अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली. काही दिवसांत ती चालू लागली. पुढच्या वर्षी ही बातमी जाहीर झाली तेव्हा जगभरच्या रुग्णांनी या औषधाचा ध्यास घेतला. पण ते बैलांच्या पित्तातल्या आम्लापासून तीसहून अधिक रासायनिक पायऱ्यांनी बनवावे लागे. एका रुग्णाला वर्षभर पुरेल एवढ्या औषधासाठी असंख्य जनावरांचे पित्त लागे. सुरुवातीला कॉर्टिसोन सोन्याहून कितीतरी पटीने महाग होते.

ज्युलियन यांच्यावर लिहिताना पुष्कळदा त्यांनी कॉर्टिसोनचा शोध लावला असे सांगितले जाते. ते खरे नाही. कॉर्टिसोन मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून शोधून काढले ते एडवर्ड केंडल आणि ताडेउश राइखश्टाइन यांनी. हेंच यांच्यासह त्या दोघांना १९५० चे नोबेल मिळाले. ज्युलियन यांचे काम त्यापुढचे होते. अधिवृक्क ग्रंथीत कंपाउंड एस नावाचे आणखी एक द्रव्य असते. कॉर्टिसोनमध्ये आणि त्याच्यात फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा. सांगाड्यातल्या अकराव्या कार्बनवर तो नसतो. ज्युलियन यांनी १९४९ मध्ये हे कंपाउंड एस स्वस्तात बनवण्याचा मार्ग काढला.

तो एक ऑक्सिजन योग्य जागी बसवणे मात्र रसायनशास्त्रज्ञांना सोपे नव्हते. ते काम अखेर बुरशीने केले. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या ड्युरी पीटरसन आणि हर्बर्ट मरे यांनी दाखवले, की ऱ्हायझोपस जातीची बुरशी प्रोजेस्टेरॉनच्या अकराव्या कार्बनवर नेमका ऑक्सिजन जोडते. आता वनस्पतीपासून प्रोजेस्टेरॉन किंवा कंपाउंड एस बनवायचे, ते सूक्ष्मजीवांच्या हवाली करायचे आणि कॉर्टिसोन, हायड्रोकॉर्टिसोन मिळवायचे, अशी साखळी तयार झाली. कत्तलखान्यावरचे अवलंबन सुटले आणि किमती कोसळल्या. या साखळीत अनेकांचे हात आहेत. त्यातल्या पहिल्या कड्यांपैकी काही ज्युलियन यांनी घडवल्या आणि त्या कारखान्याच्या प्रमाणावर चालवून दाखवल्या.

स्टिरॉइडे स्वस्त झाल्यावर त्यांच्या मर्यादाही कळल्या. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतली तर हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते, चेहरा सुजतो, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दीर्घकाळ घेतल्यावर एकदम बंद केली तरी जिवावर बेतू शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आणि थांबवायची असतात. तरी दमा, तीव्र ॲलर्जी, संधिवात, प्रत्यारोपण झालेले अवयव, अशा असंख्य ठिकाणी आजही त्यांच्यावाचून चालत नाही.

घरावर टाकलेला सुरुंग

१९५० मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्राने ज्युलियन यांची त्या वर्षीचे शिकागोचे मानकरी म्हणून निवड केली. त्याच वर्षी त्यांनी शहराला लागून असलेल्या ओक पार्क या वस्तीत घर घेतले. वस्ती जवळपास पूर्ण गोऱ्यांची. कुटुंब राहायला येण्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, घर पेटवून देण्याचा प्रयत्न झाला. जून १९५१ मध्ये घरावर सुरुंगाची कांडी टाकण्यात आली. आईवडील बाहेरगावी होते. दोन्ही मुले, पर्सी आणि फेथ, घरात होती. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. ज्युलियन यांनी पहारेकरी नेमले आणि काही रात्री स्वतः बंदूक घेऊन बसले. वस्तीतले बरेच गोरे शेजारी उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. ज्युलियन यांनी घर सोडले नाही. अखेरपर्यंत ते तिथेच राहिले. त्याच वर्षी शिकागोच्या एका नामांकित क्लबात शास्त्रज्ञांची बैठक होती. ज्युलियन यांना तिचे निमंत्रण होते, पण वर्णामुळे त्यांना आत येऊ दिले गेले नाही.

पुढे ग्लिडनने स्टिरॉइडच्या व्यवसायातून अंग काढून घ्यायचे ठरवले. १९५३ मध्ये ज्युलियन तिथून बाहेर पडले आणि त्यांनी शिकागोजवळ ज्युलियन लॅबोरेटरीज ही स्वतःची कंपनी काढली. इतरत्र ज्यांना दार बंद होते अशा अनेक कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञांना, तसेच स्त्रियांना, तिथे काम मिळाले. स्पर्धा कडवी होती. मेक्सिकोच्या रानात वाढणाऱ्या एका कंदापासून सोयाबीनहूनही सोप्या रीतीने स्टिरॉइडे मिळतात, हे रसेल मार्कर यांनी चाळिशीच्या दशकातच दाखवले होते आणि सिंटेक्स ही मेक्सिकोतली कंपनी त्या बळावर पुढे गेली होती. ज्युलियन यांनी तिकडे कारखाना उभारला, तर कंद खणायचा परवाना मिळेना. व्हिएन्नातल्या एका ज्यू सहाध्यायाला नाझींच्या तावडीतून सुटायला ज्युलियन यांनी पूर्वी मदत केली होती. तोच आता धावून आला आणि त्याने ग्वाटेमालात कंदाचा नवा साठा शोधून दिला. एका उत्पादनाचा उतारा चौपट करण्यात त्यांच्या रसायनशास्त्रज्ञांना यश आले, तेव्हा ज्युलियन यांनी त्याचा भाव किलोमागे ४,००० डॉलरवरून ४०० डॉलरवर आणला. १९६१ मध्ये त्यांनी कंपनी २३ लाख डॉलरना विकली.

उशिरा आलेला मान

नंतरची वर्षे त्यांनी संशोधनाबरोबर नागरी हक्कांच्या कामाला दिली. कृष्णवर्णीयांचे खटले न्यायालयात लढवणाऱ्या निधीसाठी त्यांनी पैसे उभे केले. ज्या डेपॉने त्यांना प्राध्यापक केले नव्हते, तिथे ते विश्वस्त झाले. १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. अकादमीत निवडले गेलेले ते दुसरे कृष्णवर्णीय आणि पहिले कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. फायसोस्टिग्माइनच्या संश्लेषणाला अडतीस वर्षे उलटून गेली होती. १९ एप्रिल १९७५ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शंभराहून अधिक पेटंट त्यांच्या खात्यावर होती. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९३ मध्ये त्यांचे तिकीट काढले आणि डेपॉमधल्या त्यांच्या संश्लेषणाला १९९९ मध्ये रसायनशास्त्रातला राष्ट्रीय ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता मिळाली.

मेक्सिकोतल्या कंदाने सोयाबीनला काही काळ मागे टाकले होते. पण रानातले कंद कमी होत गेले, महाग झाले आणि उद्योग पुन्हा सोयाबीनकडे वळला. तेल शुद्ध करताना बाजूला पडणाऱ्या स्टेरॉलांवर सूक्ष्मजीवांकडून प्रक्रिया करून आज स्टिरॉइड औषधांचा बराच कच्चा माल तयार होतो. तेलाच्या टाकीच्या तळाशी बसलेल्या पांढऱ्या गाळात ज्युलियन यांना दिसले होते ते हेच.

त्यांची अर्धी शक्ती विज्ञानात गेली आणि उरलेली अर्धी केवळ प्रयोगशाळेच्या आत पाऊल ठेवण्यात. आठवीनंतरची शाळा, हार्वर्डमधले शिकवण्याचे काम, डेपॉचे प्राध्यापकपद, ॲपलटनमधला एका रात्रीचा मुक्काम, यातले काहीच त्यांना सहज मिळाले नाही. शाळाच नसल्याने माँटगोमेरीत मागे राहिलेल्या त्यांच्या बरोबरीच्या मुलांनी काय शोधले असते, याचा हिशेब मात्र कोणालाच मांडता येणार नाही.